काशीची वाट आणि वाटेवरचे भय

१९९७ च्या नोव्हेंबरात मिसर देशातील लक्सर येथे राणी हत्शेपसूतच्या मंदिरात बासष्ट माणसे मारली गेली, त्यांत अठ्ठावन्न परदेशी प्रवासी होते. २०२५ च्या एप्रिलात पहलगामनजीक बैसरनच्या कुरणात सव्वीस जणांचे प्राण घेण्यात आले, त्यांत महाराष्ट्रातून गेलेलेही होते. आणि अशा प्रत्येक वार्तेनंतर घराघरांतून एकच प्रश्न उपस्थित होत आला आहे, की परमुलखाची जी सहल ठरली, जिचे पैसे भरले, जिच्यासाठी मुलांनी दिवस मोजले, तीस जावे की घरीच राहावे. हा प्रश्न विमानाबरोबर जन्मास आला असे जर कोणास वाटत असेल तर त्याने आपल्याच पूर्वजांच्या काशीयात्रेचा इतिहास एकवार पाहावा. ज्या मुलखाची भाषा येत नाही, ज्याचे अंमलदार ओळखीचे नाहीत आणि ज्याच्या वाटेवर आपला जीव घेण्याची वासना धरून कोणी बसले आहे हे ठाऊक आहे, त्या मुलखास बायकामुलांसह निघावे काय, याचा विचार या भूमीतील माणसांनी अडीच-तीनशे वर्षे केला; आणि तो कोणत्या रीतीने केला हे जाणण्यासारखे आहे.

पुण्यापासून काशी आठशे मैलांच्या आसपास. पायी, तट्टावर किंवा डोलीत बसून, पावसाळ्याचे चार मास कोठे तरी एका जागी काढून, प्रयाग-काशी-गया ही त्रिस्थळी पुरी करून परतावयाचे म्हणजे वर्ष सहज जाई, आणि दीड वर्ष लागले तरी त्याचे कोणास नवल वाटत नसे. अर्थात निघणारा मनुष्य परत येईलच असे गृहीत धरण्याची चाल नव्हती. तो प्रथम देणेघेणे फेडी, वतनाच्या कागदांची व्यवस्था लावी, अपत्य नसल्यास दत्तकाचा विचार करी, भावाभावांतील वाद शक्य तर मिटवी, आणि मग गावाच्या वेशीपर्यंत बोळवण घेऊन निघे. तो परत आला म्हणजे गंगापूजन होऊन मावंदे घातले जाई, व त्या भोजनास गावकरी ज्या उत्साहाने जमत त्यात पुण्याचा वाटा मिळावा ही श्रद्धा होतीच. पण मनुष्य सुखरूप परतला याचा निःशंक आनंदही होता. तो परत आलाच नाही तर? मग घरची मंडळी वाट पाहत बसत. बारा वर्षे वाट पाहून, पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा जो पालाशविधी आपल्या धर्मशास्त्राने सांगून ठेवला आहे, तो ज्यांचे देह सापडले नाहीत अशांसाठी आहे. आणि ज्या समाजाला असा विधी सिद्ध ठेवावा लागला त्याने परदेशगमनाचे भय किती जवळून पाहिले असेल, हे निराळे सांगावयास नको.

तथापि हे भय जाणूनही लोक जात. जावे की न जावे याचा निर्णय क्वचितच एकट्याचा असे. तो घरच्या वडीलधाऱ्यांच्या, कुलोपाध्यायांच्या आणि विशेषतः नुकत्याच परतलेल्या यात्रेकरूंच्या सल्ल्याने होई. परतलेल्या मनुष्यापाशी वाटेची ताजी खबर असे: अमुक घाटात वाट मारतात, अमुक नदीवर नावाडी पैशासाठी अडवितात, अमुक ठाण्याचा कमाविसदार आपल्या बाजूचा आहे, त्यास चिठ्ठी द्यावी. या खबरीवरून सोबत ठरे. एकटे-दुकटे निघणे हा वेडेपणा समजला जाई. पन्नास, शंभर, कधी त्याहूनही अधिक माणसांचा संघ जमल्यावाचून पाऊल उचलत नसत, आणि एखादा सरदार लवाजम्यासह उत्तरेस जाणार असे कळले की त्याच्या छायेत जावयास मिळावे म्हणून खटपट चाले.

सोबतीनंतर कागद. पेशव्यांच्या दफ्तरात यात्रेकरूंना दिलेली दस्तके आढळतात. अमुक मंडळी श्रीकाशीस जात आहे, इतकी माणसे, इतकी तट्टे, वाटेतील चौकीदारांनी जकातीस वा अन्य कारणास मुजाहीम न होता पुढे जाऊ द्यावे, अशा मजकुराचा तो राहदारीचा परवाना असे. द्रव्य जवळ बाळगू नये म्हणून सावकाराची हुंडी घ्यावयाची आणि ती उज्जैनीस, प्रयागास वा काशीस वटवावयाची. शेवटी वोळावा: ज्या डोंगरातून वा रानातून जावयाचे तेथील भिल्ल, रामोशी वा स्थानिक नाईक यांस ठरलेला मोबदला देऊन त्यांचीच माणसे राखणीस घ्यावयाची. ज्यांच्यापासून भय त्यांनाच रक्षक नेमण्याची ही तजवीज आज विलक्षण वाटेल, पण तिच्यात मोठे व्यवहारज्ञान होते. अहिल्याबाई होळकरांनी तीस राज्यकारभारात स्थान दिले. सर जॉन माल्कमने नमूद केल्याप्रमाणे, त्यांनी डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्लांचा जो ‘भिलकवडी’ नावाचा अल्पसा हक्क परंपरेने चालत आला होता तो मान्य केला, आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या हद्दीत चोरीस गेलेल्या मालाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. मला अहिल्याबाईंच्या घाटांहून आणि धर्मशाळांहूनही ही गोष्ट थोर वाटते. घाट यात्रेकरूस पोहोचल्यावर उपयोगी पडतो. ही व्यवस्था त्यास पोहोचविणारी होती.

मोठ्या घराण्यांची यात्रा हा निराळा प्रकार. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरयात्रेस निघाल्या, तेव्हा त्यांचा पुत्र ज्या मोगल बादशाहीच्या सुभ्यांवर चालून जात होता, त्याच बादशाहीच्या मुलखातून त्यांची वाट होती. उदयपूरच्या राणाजींनी आणि जयपूरच्या सवाई जयसिंगांनी त्यांचा सन्मान केला, मोगल अंमलदारांनी वाट निर्वेध ठेवली, आणि सुमारे सव्वा वर्षाने त्या सुखरूप परतल्या. त्या आदरसत्कारात बाजीरावाच्या तलवारीचा धाक होता आणि राजकारणाची सोयही होती, हे इतिहासकारांनी सांगितलेच आहे; परंतु युद्ध करणाऱ्या दोन पक्षांनी यात्रेकरू मातेस मधून वाट द्यावी, हा जो अलिखित संकेत त्या काळी पाळला गेला तो विसरता येत नाही. अशा संकेतांवरच सामान्य यात्रेकरूचा भरवसा होता. आणि याच भरवशाने पंचवीस वर्षांनी त्यास पानिपतावर नेले.

१७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज परतूरहून उत्तरेस निघाली, तेव्हा तिच्याबरोबर लढाऊ नसलेल्यांची जी अफाट गर्दी चालली तिच्यात बाजारबुणगे होते, सरदारांचे जनाने होते, आणि तीर्थयात्रेचा हेतू धरून आलेले स्त्रीपुरुषही होते. त्यांचा हिशेब सरळ होता. एवढ्या मोठ्या सैन्याच्या मध्यभागी चालण्याइतकी निर्भय वाट पुन्हा कधी मिळणार? यमुना, मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र ही स्थाने पदरचा वोळावा न देता, चोराचिलटांची धास्ती न बाळगता घडणार होती. नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचे. मातोश्री आणि पत्नी यांस घेऊन तेही याच मेळ्यात होते, आणि आपल्या आत्मवृत्तात त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. सूरजमल जाटाने भाऊंस सल्ला दिला, की बायकामुले व अवजड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवावे आणि सडे होऊन पुढे जावे. तो मानला गेला नाही. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकल्यावर फौज कुरुक्षेत्राच्या दिशेने वळली असता अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीने बागपतपाशी यमुना ओलांडल्याची बातमी आली, फौज पानिपतास मागे फिरली, रसदेच्या वाटा बंद झाल्या, आणि अडीच महिने ही सारी माणसे खंदकाच्या आत उपासमारीत अडकून पडली. १४ जानेवारी १७६१ रोजी काय झाले ते महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. नाना वेषांतर करून, अनवाणी, दिवसा लपत-छपत निसटले. पत्नी पुढे येऊन मिळाली. मातोश्री त्या प्रलयात गेल्या.

पानिपताची मीमांसा पुष्कळ झाली आहे, पण त्या यात्रेकरूंच्या बाजूने ती फारशी कोणी केलेली नाही. त्यांना अविचारी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी विचार केला होता. मात्र तो वाटमाऱ्यांचा केला होता, युद्धाचा केला नव्हता. पूर्वीच्या भयास जो उपाय लागू पडत असे तोच त्यांनी नव्या भयास लावला, आणि जे सैन्य चोरांपासून ढाल होते तेच शत्रूचे लक्ष्य ठरले. त्यांपैकी बहुतेकांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत. जे परतले नाहीत त्यांच्या घरांत किती काळ आशा जागत राहिली असेल याचा अंदाज भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्या उदाहरणावरून येतो: भाऊंचा देह निश्चितपणे ओळखला गेला, हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही, १७८३ मध्ये देह ठेवीपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत, आणि याच अनिश्चिततेच्या आधाराने, मीच भाऊ असे म्हणत उभा राहिलेला तोतया पुणे दरबारास १७७६ पर्यंत पुरून उरला.

पुढील अर्धशतकात दोन नवी भये वाटेवर आली. त्यांपैकी पेंढाऱ्यांविषयी विस्तार करण्याचे कारण नाही; घोड्यांच्या टोळ्या करून ते येत, गाव जाळून निघून जात, त्यांची धूळ लांबून दिसे आणि मनुष्य निदान पळू तरी शकत असे. १८१७-१८ च्या मोहिमेत त्यांचा बंदोबस्त झाला. दुसरे भय मात्र धूळ न उडविता येणारे होते. ठगांची टोळी यात्रेकरूंस भेटे ती यात्रेकरूंच्या रूपाने, व्यापाऱ्याच्या रूपाने, रजेवर घरी निघालेल्या शिपायाच्या रूपाने. एकाच झाडाखाली चूल मांडी, एकाच विहिरीचे पाणी पिई, दिवसेंदिवस बरोबर चाले, आणि पुढची वाट वाईट आहे, ठगांचा सुळसुळाट आहे, तेव्हा आपण सारे मिळून जाऊ, असे तीच सुचवी. पुरेसा विश्वास बसला, जागा एकांताची आली, म्हणजे म्होरक्या तमाखू आणण्याविषयी काही बोले, आणि त्या ठरल्या इशाऱ्यासरशी प्रत्येकाच्या गळ्यात मागून रुमाल पडे. खड्डे बहुधा आधीच खणलेले असत. सामान, तट्टे, वस्त्रे सारे नाहीसे होई, आणि मागे उरे ती काहीच न घडल्यासारखी वाट.

या प्रकाराची भयानकता मृतांच्या संख्येत मोजता येत नाही, आणि त्या संख्येविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत ते असोत. यात्रेकरूपाशी भयावर एकच खात्रीचा उपाय होता, तो म्हणजे सोबत. आणि ठगाने नेमकी सोबतच विषारी केली. ज्याच्या ओळखीने धीर यावा त्याच्याकडेच संशयाने पाहावे लागू लागले. १८१० साली ईस्ट इंडिया कंपनीच्या एका सेनापतीने रजेवर जाणाऱ्या शिपायांसाठी जो हुकूम काढला तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे: रोकड जवळ बाळगू नका, हुंडी घ्या, रात्री चालू नका, वाटेत भेटणाऱ्या अनोळखी मनुष्याशी संगत धरू नका. आजची सरकारे परदेशी जाणाऱ्या आपल्या नागरिकांस जी सूचनापत्रे देतात त्यांच्याशी हा मजकूर ताडून पाहिला तर दोनशे वर्षांचे अंतर जाणवत नाही. आणि सूचना देणाऱ्यांसही किती थोडे दिसत असते पाहा. विल्यम स्लीमन १८२२ पासून काही वर्षे नरसिंगपूर जिल्ह्याचा अंमलदार होता. आपल्या जिल्ह्यात घडणारी लहानशी चोरीही आपणांस कळते अशी त्याची खात्री होती. पुढे माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून त्यास समजले, की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवर असलेल्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती, आणि सागरच्या वाटेवरील मंडेसूरच्या आमराईत, जेथून यात्रेकरू नित्य जात, हिंदुस्थानातील अत्यंत मोठ्या गाडण्याच्या जागांपैकी एक होती.

स्लीमनने ते जाळे तोडले, हे त्याचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. त्याने साक्षीदारांकडून टोळ्यांच्या वंशावळी लिहून काढल्या, वाटांचे नकाशे केले, पुरलेली प्रेते उकरून जबान्या पडताळल्या, आणि दहाबारा वर्षांत मिर्झापूर-जबलपूर-नागपूर ही दख्खनची वाट पुष्कळ अंशी निर्भय झाली. परंतु या बंदोबस्ताची दुसरी बाजू आपल्या लेखकांनी पुरेशी सांगितलेली नाही, म्हणून ती येथे सांगणे मला अगत्याचे वाटते. १८३६ च्या कायद्याने अमुक गुन्हा अमक्याने केला हे शाबीत करण्याची गरज ठेवली नाही. ठगांच्या टोळीचा मनुष्य आहे एवढे ठरले की जन्मठेप. भयाने पछाडलेल्या सरकारास हे सोयीचे होते. पण कृत्याऐवजी जमातीस अपराधी ठरविण्याची ही दृष्टी एकदा रूढ झाली म्हणजे ती कोठे थांबत नाही, आणि ती थांबली नाहीच: १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, पुढे तो मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि पारधी, कैकाडी यांसारख्या भटक्या जमातींतील मुले जन्मतःच पोलिसांच्या पटावर चढली. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी त्या जमातींवरचा डाग पुसला गेला असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. वाटसरूच्या निर्भयतेची किंमत त्यांनी दिली, ज्यांनी कोणाच्या गळ्यात रुमाल टाकला नव्हता. परदेशी जाण्याच्या भयाची चर्चा करताना, अमुक धर्माचा, अमुक जातीचा मनुष्य दिसला की अंग आकसून घेण्याची जी सवय आपल्यात वाढत आहे, तिच्याकडे या इतिहासाच्या उजेडात पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जावे की न जावे या प्रश्नाचा मराठीतील सर्वांत जिवंत लेख मात्र ठगांच्या काळातील नाही. तो विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील वरसईचा हा तिशीतला भिक्षुक, घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असे कानी आले म्हणून काका रामभट यांस बरोबर घेऊन १८५७ च्या आरंभी तो निघाला. वडिलांचे मन तयार नव्हते. हिंदुस्थानातील लोकांविषयी नाना प्रवाद त्यांच्या कानी होते, आणि मुलगा परमुलखात हरवेल ही धास्ती होती. अखेर कर्जाने निर्णय केला. महूच्या आसपास असताना शिपायांच्या तोंडून त्यांस कळले, की आता लवकरच छावण्या उठणार आहेत. परत फिरण्याची ती वेळ होती, आणि तरीही काका-पुतणे पुढे गेले. पुढे झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला, इंग्रज सैन्याने शहर लुटले त्यात मिळविलेले द्रव्य गेले, वाटेत पुन्हा पुन्हा नागवले गेले; अखेर दक्षिणेची आशा सोडून हा मनुष्य गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईस परतला आणि त्या पाण्याने त्याने मातापित्यांस स्नान घातले. हा वृत्तांत त्याने १८८३ मध्ये लिहिला, आणि चिंतामणराव वैद्यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला.

गोडसे भटजींचे पुस्तक मी जेव्हा जेव्हा उघडतो तेव्हा एक गोष्ट मनावर ठसते. या मनुष्यास भय वाटत होते, आणि ते त्याने कोठेही लपविले नाही. प्रत्येक वळणावर पुढे जाण्याचे कारण आणि मागे फिरण्याचे कारण ही दोन्ही त्याच्यापुढे उभी असतात. धर्म, कर्ज, कुतूहल आणि घरची ओढ यांचा तोल तो पुन्हा पुन्हा सांभाळतो, आणि कधी चुकतोही. शूरपणाचा आव नाही, पश्चात्तापाचा टाहो नाही. पानिपताच्या यात्रेकरूंपाशी मोठे रक्षण होते आणि त्यांनी एकदाच विचार करून तो पुढे बंद केला. या भिक्षुकापाशी कसलेच रक्षण नव्हते, म्हणून त्यास रोज विचार करावा लागला, रोज वाटसरूंस खबर विचारावी लागली, रोज मुक्काम बदलावा लागला. दैवाचा भाग त्यात मोठा होता हे मान्य करूनही, या दोहोंत प्रवासाचे खरे शहाणपण कोणाचे याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

१८४० मध्ये कंपनी सरकारने प्रयाग आणि गया येथील यात्रेकरूंवरचा कर उठविला. १८७० च्या मार्च महिन्यात जबलपुरापाशी दोन बाजूंचे लोहमार्ग जोडले गेले, आणि मुंबईहून निघालेला मनुष्य काही दिवसांत प्रयागास पोहोचू लागला. वर्षाची वाट दिवसांवर आली, तसे दस्तक, वोळावा, पालाशविधीची धास्ती आणि परतल्यावरचे मावंदे यांचे प्रयोजनही हळूहळू आटले. यात्रा वाढली, पण यात्रेचा लेख कमी झाला. कारण जेथे परतण्याची खात्री असते तेथे लिहून ठेवण्याची निकड उरत नाही.

म्हणून वाचकांस एक सांगणे आहे. कोकणात आणि देशावर अजून पुष्कळ जुन्या घरांच्या माळ्यांवर कागदांची दप्तरे पडून आहेत. त्यांत कोणा पूर्वजाचे काशीहून आलेले पत्र असेल, खर्चाची वही असेल, हुंडीची नक्कल असेल, निघण्यापूर्वी लिहून दिलेला एखादा करार असेल. वाळवी ते खाण्यापूर्वी ती दप्तरे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे नेऊन दाखवा. परमुलखी जाण्याचे भय आपल्या माणसांनी कसे तोलले, याचा पुरावा गोडसे भटजींखेरीज दुसऱ्या कोणी ठेवला असेल तर तो तेथेच आहे.